पाचवं घर

सरकारचं एक बरं असतं, ज्याच्यावर डोळा ठेवला त्याला ते कधी विसरत नाही. कान्हा वारघडेचा एकही फोटो त्याच्या घरी नव्हता. लग्नात फोटोवाला आणायची ऐपत नव्हती आणि पुढे कान्हाला एका जागी उभं राहायची उसंत मिळाली नाही. सरकारकडे मात्र त्याचे दोन फोटो होते, एक समोरून आणि एक बाजूनं. ते मिळवायला त्याच्या लेकीला अकरा महिने लागले.

लेकीचं नाव चंदना. पोशेऱ्याजवळच्या बेहडपाड्याची ती अंगणवाडी सेविका, वय त्रेचाळीस. लग्न पाड्यातच झालेलं, त्यामुळे आई गंगी हाकेच्या अंतरावर. पाड्यात नवं सभागृह उभं राहिलं आणि त्याला कान्हाचं नाव द्यायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांनी चंदनाच्या मागे लकडा लावला की तुझ्या बापाचा फोटो पाहिजे, भिंतीवर लावायला. एका मास्तराने सुचवलं की पोलिसांच्या जुन्या फाइलीत असेल. चंदनाने माहिती अधिकारात अर्ज टाकला. आधी नकार आला, मग अपील, मग साहेब रजेवर, मग साहेबांची बदली. शेवटी एक जाड लिफाफा आला. त्रेसष्ट पानं होती.

आता कान्हाच्या मागे सरकार का लागलं होतं, ते सांगायला हवं. ब्याऐंशी साली त्याने जंगलतोडीच्या कामावरचे मजूर एकत्र केले आणि पुरी मजुरी मिळेपर्यंत कुऱ्हाड उचलायची नाही असं ठरवलं. एवढंच. पण तेवढ्यावर सरकारच्या पोटात गोळा आला. त्याला ठाणे आणि नाशिक दोन्ही जिल्ह्यांतून दोन वर्षं तडीपार केलं. जव्हार-मोखाडा तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. मग असा माणूस जाणार कुठे? हद्दीपलीकडे खानवेलच्या बाजूला, दुसऱ्याच्या शेतावर राबत, आपल्या डोंगराच्या दिशेला तोंड करून भाकर खात. बायको गंगी तेव्हा वीस वर्षांची आणि चंदना पोटात.

पुढच्या वर्षी जे घडलं, ते बेहडपाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. वैशाखात पाड्याचा बोहाडा होता. देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून माणसं संबळाच्या तालावर नाचतात, रात्रभर चालतं ते थेट उजाडेपर्यंत. सोंग घराण्याचं असतं. वारघड्यांकडे भीमाचं सोंग, आणि त्या वर्षी ते कान्हाचा थोरला भाऊ मंगळू नाचवणार होता. साध्या वेशातले पोलीस चणे-फुटाणे खात पुढच्या रांगेत बसले होते. भीम आला, नाचला, पोलिसांच्या नाकासमोर गदा फिरवून गेला. आणि मुखवट्याखाली होता कान्हा. मंगळू बिचारा कणगीआड अंग चोरून बसला होता. कान्हा तीन दिवस पाड्यात राहिला, पाच घरांत जेवला आणि आला तसा निघून गेला. पोलिसांना पत्ताच लागला नाही, असं म्हणून पाडा चाळीस वर्षं हसत आला. सणावाराला ही गोष्ट सांगितली नाही तर जेवण गोड लागायचं नाही.

गोष्टीचा दुसरा भाग हसायचा नव्हता. बोहाड्यानंतर महिन्याभरात त्या पाचांपैकी चार घरांवर संकट आलं. एकाचं नाव रोजगार हमीच्या हजेरीपटावरून गेलं. एकावर जंगलखात्याने सागाच्या चोरीची केस टाकली. एकाच्या पोराला आश्रमशाळेतून घरी धाडलं. मंगळूला उचलून नेलं, आठ दिवसांनी सोडलं, आणि तेव्हापासून त्याला डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं. कान्हाची तडीपारी आणखी दोन वर्षं वाढली. म्हणजे कुणीतरी फुटलं होतं. मग कोण? पाचवं घर तेवढं शाबूत राहिलं होतं, आणि ते होतं कोंडीचं.

कोंडी तेवीस वर्षांची विधवा. तिनेही कान्हाला नागलीची भाकर आणि सुकट वाढली होती, पण तिच्या केसालाही धक्का लागला नव्हता. पाड्याला आणखी कसला पुरावा लागणार? पंच बसले. कोंडीच्या घरचं पाणी कुणी प्यायचं नाही, तिला भाताच्या लावणीला बोलवायचं नाही, तिच्या दारात थांबायचं नाही. दोन महिने तिने कसे काढले तिचं तिला ठाऊक. मग एका सकाळी डोक्यावर गाठोडं घेऊन ती दाभोशाला मामाकडे निघून गेली. कान्हा चार वर्षांनी परत आला तेव्हा त्यानेही विचारलं नाही की कोंडी कुठे आहे. घरदार सोडून राहणं म्हणजे काय असतं हे ज्याने भोगलं, त्याने तरी विचारायला हवं होतं. पण नाही विचारलं. चंदना अकरा वर्षांची असताना तो तापाने गेला.

लिफाफा आला त्या दुपारी पोरं खिचडी खाऊन घरी गेली होती. चंदना अंगणवाडीच्या उंबऱ्यात बसली आणि पानं उलटत गेली. तिसऱ्या पानावर बाप होता, हातात नंबराची पाटी धरलेला, डोळे रोखून समोर बघणारा. इतका तरुण की तिला आधी ओळखूच आला नाही. तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहानच असेल. तिला रडू आलं आणि ती मनसोक्त रडली, बघायला कुणी नव्हतं म्हणून बरं.

पुढची पानं म्हणजे बापाचं आयुष्यच होतं, पण दुसऱ्या कुणीतरी भिंतीआडून पाहिलेलं. अमुक तारखेस सदर इसमाने विडी ओढली. सदर इसमाने खानवेलच्या बाजारातून लहान मुलाचे झबले घेतले. ते झबलं चंदनासाठीच असणार, पण ते कधी घरापर्यंत पोचलं नव्हतं. सरकारने ते झबलं तेवढं लिहून ठेवलं आणि पुढे काय झालं त्याची वास्तपुस्त केली नाही.

एकेचाळीसावं पान बोहाड्याचं होतं. लिहिणारा शिपाई इथलाच, जामसरची सासुरवाडी असलेला, असं त्यानेच वर नमूद केलं होतं. त्याने लिहिलं होतं:

“उजाडण्याचे सुमारास भीमाचे सोंग घेतलेल्या इसमाच्या उजव्या पायातील चाळ सुटले. तेव्हा तडीपार इसमाची बायको गंगी हिने कडेवरील मुलीसह पुढे येऊन, खाली बसून, ते स्वतःचे हाताने बांधले. या लोकांत धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराचे अंगास शिवत नाही, हे मला खात्रीने माहीत आहे. सबब सोंगातील इसम हा मंगळू नसून तडीपार कान्हा हाच होय. गर्दीत गडबड होऊ नये व आश्रय देणारी घरे कळून यावीत, म्हणून अटक केली नाही.”

चंदनाने ते पान तीनदा वाचलं. पोलिसांच्या नाकासमोरून निसटलेला बाप, पाड्याची सगळ्यात लाडकी गोष्ट, त्या चार ओळींत खलास झाली होती. पोलीस बुद्दू नव्हते. ते चणे खात बसले होते आणि घरं मोजत होते. कुणी फुटलंच नव्हतं. नऊ महिन्यांनी नवरा समोर आला, त्याचे चाळ सुटले, आणि वीस वर्षांच्या पोरीचा हात रीतभात विसरून पुढे गेला. बस, एवढ्यानेच सगळं झालं होतं.

खाली पाच घरांची यादी होती आणि प्रत्येकापुढे काय करायचं ते लिहिलं होतं. चौघांपुढे तेच, जे पुढे घडलं. पाचव्यापुढे होतं, “कोंडी, विधवा. जमीन नाही, शिधापत्रिका नाही, कोणी कामावर नाही. कारवाई करण्याजोगे काही आढळले नाही.”

तिच्याकडून काढून घ्यायला सरकारला काही सापडलं नाही. पाड्याला सापडलं.

संध्याकाळी ती आईकडे गेली. गंगी आता त्रेसष्टची, गुडघ्यांनी दगा दिलेली, पण जीभ धडधाकट. चंदनाने फोटो तिच्या हातात दिला. बोटाने तिने नवऱ्याच्या कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून रेघ ओढली. मग पदराने कागद पुसला, जणू काही पोलिसांचा हात त्याला लागला होता. तो तसाच मांडीवर ठेवून तिने विचारलं, “कोंडीचं नाव कनच्या पानावर हाय?”

चंदनाला हे येणार ठाऊक होतं. तिने सांगितलं की खबऱ्यांची नावं सरकार कधी लिहीत नाही, लपवून ठेवतं. आईची मान हलली. म्हणाली, “लपवलं म्हंजी कोंडीच. दुसऱ्याचं कशाला लपवतील?”

घ्या. आईला वाचवायला एवढीशी थाप मारली आणि तिने कोंडीला पुन्हा फासावर दिलं. चंदनाला त्या रात्री जेवण गेलं नाही. तिने मनाची समजूत घालून पाहिली. कोंडी कुठे जिवंत असेल तर असेल, बेचाळीस वर्षं निघाली तशी आणखी पाच-दहा निघतील. आईचे दिवस किती राहिलेत? नवऱ्याला आपणच दाखवून दिलं, मंगळूचा कान आपल्यामुळे गेला, हे कळल्यावर ती काय डोळे मिटून सुखाने मरेल? फाइल पत्र्याच्या पेटीत टाकून वर गोधड्या ठेवल्या की झालं. फोटो तेवढा काढून घ्यायचा.

ती तसं करायचीच. पण दोन दिवसांनी शाळेत सभागृहाच्या कार्यक्रमाची तालीम होती. पोरं कान्हाचं नाटक बसवत होती. भीम झालेला पोरगा उड्या मारत होता, पोलीस झालेले चणे खात होते आणि एका कोपऱ्यात मीना नावाची चौथीतली पोरगी हमसून हमसून रडत होती. चंदनाने जवळ घेऊन विचारलं तर कळलं की तिला कोंडी केलंय. शेवटी सगळ्यांनी तिच्या अंगावर थू थू करायचं आणि तिने गाठोडं घेऊन पळायचं. मला नको ती बाई, मला कुणी पण करा, झाड करा, असं ती म्हणत होती. मास्तर हसत होते. चंदनाने तिचं नाक पुसलं, घरी आली आणि पेटीतून एकेचाळीसावं पान काढलं.

दुसऱ्या दिवशी ती आधी जव्हारला आणि तिथून दुसऱ्या जीपने दाभोशाला गेली. कोंडी कुठे राहते ते विचारायला फार वेळ लागला नाही. नदीच्या वरच्या अंगाला कुडाचं घर, पुढे भातशेतीचा तुकडा, तो मामेभावाचा. कोंडी अंगणात काटक्या मोडत होती. पासष्टची बाई, काटकीसारखीच, पण ताठ. चंदनाने आपलं नाव सांगितलं तेव्हा तिचे हात थांबले. बस म्हणाली नाही. चंदना उभ्या उभ्याच बोलली, मग पान वाचून दाखवलं, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. वाचून झाल्यावर तिने हात जोडले आणि म्हणाली की तुमच्यावर अन्याय झाला.

कोंडीने ते जोडलेले हात बघितले आणि पुन्हा काटकी मोडली. मग ती म्हणाली, “तुझ्या बापाला सरकारनं चार वर्सं काढला. मना तुम्ही बेचाळीस काढलं.”

चंदनाने विचारलं की मी काय करू, पेपरात देऊ का, ग्रामसभेत वाचू का, पंचांना माफी मागायला लावू का. कोंडीने मान हलवली. कागदाचं तिला काही नको होतं. कागद तिला वाचता येत नव्हता आणि माफीने पोट भरत नव्हतं. तिला एकच हवं होतं. गंगीने इथे यावं आणि तिच्या हातचं पाणी प्यावं. पण काय झालं ते ऐकून यावं, न ऐकता नाही. फसवून आणलीस तर मी हंड्याला हात लावणार नाही, असं तिने बजावलं.

परतीच्या वाटेवर चंदनाने शंभर वेळा वाक्यं जुळवली आणि घरी पोचल्यावर एकही आठवलं नाही. तिने आईसमोर सरळ पान वाचलं. गंगी ऐकत राहिली. चाळांची ओळ आली तेव्हा तिने नुसता आपला उजवा हात उलटा करून बघितला. नंतर ती उठली, चूल पेटवली, भात शिजवला आणि न जेवता झोपली. दुसरा दिवस असाच गेला. चंदना घाबरली. आई रडली असती, ओरडली असती, खोटं आहे म्हणाली असती तर परवडलं असतं. आपण म्हातारीचा जीव घेतला, या विचाराने तिचं अंगणवाडीत लक्ष लागेना, पोरांना तिने दोनदा खिचडी वाढली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गंगी धुवट लुगडं नेसून दारात उभी होती. जीप किती वाजता जाते, एवढंच तिने विचारलं. सभागृहाचा कार्यक्रम दुसऱ्या दिवसावर आला होता, आमदार येणार होते, फीत गंगीच्या हातून कापायची होती. चंदनाने त्याची आठवण दिली नाही. पाड्यातल्या नितीनची जीप थेट दाभोशापर्यंत ठरवली आणि आईला पुढच्या सीटवर बसवलं. घाटाच्या वळणांवर गंगी दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरून होती. अख्ख्या वाटेत एकदाच बोलली. कान्हाच्या पायाला त्या वेळी काटा लागला होता, टाचेतून रक्त येत होतं, ते बघून मी वाकले, असं तिने सांगितलं, कुणाला उद्देशून कोण जाणे.

कोंडी अंगणातच होती. दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. दोघींनी एकमेकींना शेवटचं पाहिलं तेव्हा दोघी पोरीच होत्या. कोंडी आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. गंगीने तो घेतला, पण तोंडाला लावला नाही.

“चाळ मी बांधलं, कोंडे,” ती म्हणाली. “पाप माझं. भोगलंस तू.”

“मना ठावं हाय.”

“चंदीनं सांगितलं म्हनून.”

“तवाचंच ठावं,” कोंडी म्हणाली. “मी तुझ्या मागंच हुबी होते. तू वाकलीस आन् त्यो चणं खानारा सरळ झाला. चणं हातातच राह्यलं त्याचं. मी बगितला.”

चंदनाला आधी ते नीट कळलंच नाही. मग कळलं, आणि ती तिथेच ओट्यावर बसली. पंच बसले होते तेव्हा या बाईला सगळं माहीत होतं. एक वाक्य बोलली असती तर सुटली असती. चंदनाने विचारलं, मग का नाही बोललात?

कोंडी वैतागल्यासारखी दिसली, इतकी उघड गोष्ट कुणी विचारावी म्हणून. “बोलून काय? माझ्याऐवजी हिला हाकलली असती. नवरा परमुलखात, कडेवर तू. सा महिन्यांची. मी एकटी होते.” मग तिने तोंड फिरवलं आणि खालच्या आवाजात खरं ते सांगून टाकलं. “मना वाटलं, महिन्याभरात निवळंल. नाय निवळलं. मंग राग आला. मंग कुनी इचारायाच आलं नाय.”

गंगीने तांब्या तोंडाला लावला आणि पाणी प्यायली. एका दमात, घटाघटा, हनुवटीवरून लुगड्यावर ओघळ येईपर्यंत. तांब्या रिकामा करून तिने खाली ठेवला आणि ती ओट्यावर चंदनाच्या शेजारी बसली. कोंडीही बसली, जरा अंतर राखून. कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. नितीनने रस्त्यावरून हॉर्न दिला. ऊन कलायला लागलं होतं आणि त्याला परतीच्या सवाऱ्या घ्यायच्या होत्या. चंदनाने डोळे पुसले आणि आईला चल म्हटलं.

गंगी उठली नाही. हे बघून चंदनाने तिच्या काखेत हात घातला, गुडघे धरले असतील म्हणून. गंगीने तो हात बाजूला केला.

“मी नाय येत,” ती म्हणाली. “पाड्यात जा आन् समद्यांना वाचून दाव. काय लिवलंय ते, समदं, माझ्या नावासकट. मंग म्हनावं, गंगी दाभोशाला हाय. तिला न्यायाचं तर हितं या. कोंडीच्या हातचं पानी प्या, आन् मंग न्या.”

चंदनाने उद्याच्या कार्यक्रमाचं काढलं. मांडव पडलाय, आमदार येणार आहेत, फीत कोण कापणार? गंगीने ते ऐकलंच नाही. ती कोंडीकडे बघत होती. तुझ्याकडे मला राहू देशील ना, असं काही विचारायचं तिच्या मनात असावं, पण ते तिच्याने विचारवत नव्हतं.

कोंडी कंबरेवर हात ठेवून उठली. आतून तिने दोन हंडे आणले, लहान गंगीपुढे ठेवला आणि मोठा स्वतःच्या कमरेला लावला.

“एवढा पाडा यायाचा तर पानी लागंल,” ती म्हणाली. “चल. हीर लांब हाय.”